चाखल्याशिवाय

यशोधन जोगळेकर मुळात कुरकुरणारा माणूस नाही. बावीस वर्षं हॉलंडात काढली, समोरून वारा झोंबत असताना सायकल हाणली, डच भाषेतल्या घसा खरवडणाऱ्या 'ख'शी झटापट केली, ऑफिसात दर दोन-तीन वर्षांनी नवा मॅनेजर आणि नवं सॉफ्टवेअर सोसलं, पण कधी हूं की चूं केलं नाही. त्या ऑक्टोबरात मात्र फोरबर्गमधल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा जिना चढताना तो मधल्या वळणावर पिशवी खाली ठेवून उभा राहायला लागला. छातीत काही नव्हतं, गुडघे दुखत नव्हते. नुसता दमला होता. आणि त्या बुधवारी त्याच्या पिशवीत डुकराचं मांस होतं.

हे मांस त्याच्या पिशवीत कसं आलं ते आधी सांगायला हवं, कारण जोगळेकरांच्या वाईच्या घरात अंडं शिरायचं तेसुद्धा केकमधून, आणि तेही बेकरीवाल्यानं शपथेवर 'बिनअंड्याचा' म्हणून सांगितल्यावर. यशोधन त्याच घरातला. कट्टर वगैरे अजिबात नाही, कुणाच्या ताटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण स्वतः कधी खाल्लं नाही आणि खावंसं वाटलंही नाही.

लग्न मात्र त्यानं केलं रेवदंड्याच्या उल्काशी. जिच्या माहेरी मासळी नसली तर 'आज जेवायला काहीच नाही' असं म्हणत, अशी मुलगी. लग्न ठरताना दोघांनी एका उडप्याकडे बसून तह केला होता. तिनं तिचं खायचं, त्यानं त्याचं. स्वयंपाकघर एकच, पण तिची कढई, तिचा तवा, तिची घासणी वेगळी आणि खालच्या कप्प्यात. त्या कप्प्याला त्यानं हात लावायचा नाही आणि तिनं त्याला कधी 'एक घास तरी घे' म्हणायचं नाही. तह दोघांनीही पाळला. रविवारी उल्का बांगडे भाजायची, यशोधन शेजारी उभा राहून दहीभाताला फोडणी द्यायचा, आणि दोघं एकाच टेबलाशी बसून आपापलं जेवायची. लोकांना याचं नवल वाटायचं. त्यांना वाटायचं नाही.

फोरबर्गला आल्यावर उल्कानं मासे भाजायला एक बिडाचा तवा घेतला होता. जाडजूड, अंगावर रेघा असलेला, उचलायचा म्हणजे दोन हात लागणारा. मुलगी भार्गवी लहान असताना त्याला 'आईचा रेल्वेचा तवा' म्हणायची, कारण त्यावर भाजलेल्या माशावर रुळांसारखे पट्टे उमटायचे. बावीस वर्षांत यशोधननं तो तवा एकदाही उचलला नव्हता.

मग मार्चमध्ये उल्काच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, उन्हाळ्यापासून केमो सुरू झाली. डॉक्टर चांगले होते, नर्स प्रेमळ होत्या, सगळं वेळच्या वेळी होत होतं. डॉक्टर म्हणायचे, प्रगती आहे. पण उल्काचं अन्न तुटलं. आधी मळमळ होती, गोळ्यांनी ती गेली. मग तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी स्टीलचा चमचा चोखत बसल्यासारखं वाटतं, म्हणायची. फोडणीचा वास आला की बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची. जी बाई सोडे घालून केलेली वांग्याची भाजी पातेल्यातून थेट खायची, ती दोन चमचे पेजेवर उठायला लागली. अंगावरचे ड्रेस हँगरवर टांगल्यासारखे दिसायला लागले.

घर यशोधनकडे आलं. आता यशोधनला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. पोळ्या सोडून सगळं यायचं. पण सकाळी औषधं, मग घरूनच ऑफिसचं काम, मधे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून कुकर लावायचा, दुपारी हॉस्पिटल, संध्याकाळी कपड्यांच्या घड्या, आणि दिवसातून सहा वेळा 'थोडं काहीतरी खाशील का' असं विचारायचं आणि सहा वेळा 'नको रे' ऐकायचं, यानं तो आतून झिजत चालला होता. 'नको रे' हे शब्द त्याच्या अंगावर यायला लागले होते. ती चिडून म्हणाली असती तरी चाललं असतं. ती म्हणायची समजुतीनं, त्यालाच वाईट वाटू नये अशा बेतानं.

गेल्या गुरुवारी हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. डच लोक वाईट बातमी गोलगोल करून सांगत नाहीत. त्या म्हणाल्या, दोन आठवड्यांनी येणाऱ्या गुरुवारी वजन आणखी उतरलेलं असलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, नाहीतर पुढचा डोस झेपणार नाही.

उल्का ट्रॅममध्ये बसल्यावर म्हणाली, "यशो, नळी नको."

"तात्पुरतीच असते ती."

"माहेरी अण्णांना लावली होती. मीच भरवायचे त्यातून. सिरिंजनं. शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, सिरिंजकडे बघायचे." मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मला जेवता येत नसेल तर नसू दे. पण तू माझ्यासमोर सिरिंज घेऊन बसलेला मला नको."

यशोधननं नुसती मान हलवली.

मंगळवारी सकाळी ती अंथरुणातच असताना आपणहून म्हणाली, "हेनीनं खालच्या बागेत केलं होतं ना, दोन वर्षांपूर्वी. पोर्क. सफरचंद लावून भाजलेलं. ते खाईन कदाचित."

हेनी म्हणजे तळमजल्यावरची शेजारीण. सत्तरीची, उंच, खणखणीत आवाजाची. दर उन्हाळ्यात ती बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बागेत बोलावते आणि कोळशावर काय काय भाजते. त्या वर्षी उल्कानं तिथे उभ्या उभ्या सळईवरचं अर्धं डुक्कर संपवलं होतं आणि यशोधन भाजलेलं कणीस धरून शेजारी उभा होता.

त्यानं आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्या खूशच झाल्या. म्हणाल्या, उत्तम, चरबी नसलेला पाठीजवळचा मऊ तुकडा घ्या, फळांच्या रसात मुरवा, आंबटगोड चवीनं तोंडातली धातूची चव जरा दबते, बीफपेक्षा हे सोसतं, हलकं आहे, पौष्टिक आहे. फक्त आतपर्यंत नीट शिजवा, तिची प्रतिकारशक्ती कमी आहे. मग हेनीकडे गेला. हेनीनं दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं: सफरचंदाचा रस, मोहरीची पेस्ट, मध, लसूण, थोडा केचाप, म्हणजे इथला गोडसर सोया सॉस. तासभर मुरवायचं. चांगला तापलेला तवा. सफरचंदाच्या आणि नाशपतीच्या जाड फोडी त्याच तव्यावर, शेवटी. "सोप्पं आहे," हेनी म्हणाली. हेनीला सगळंच सोप्पं वाटतं.

तर असं ते मांस पिशवीत आलं, बुधवारी, हेरेनस्त्राटवरच्या खाटकाकडून. खाटीक तरुण होता, त्यानं पांढऱ्या कागदात गुंडाळून देताना विचारलं, पहिल्यांदा करताय? यशोधनच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार.

घरी येऊन त्यानं खालचा कप्पा उघडला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तवा दोन हातांनी बाहेर काढला. मग कागद सोडला आणि त्या गुलाबी, ओलसर लांबोड्या गोळ्याकडे बघत उभा राहिला. हात लावायचा धीर होईना. शेवटी उल्काचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले आणि सुरी घेतली. तुकडे केले. मुरवण तयार केलं. लसूण ठेचताना जरा बरं वाटलं, ते तरी ओळखीचं होतं.

आणि इथे त्याला आठवला नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पट्टकृमी. ज्यांनी ते पुस्तक वाचलंय त्यांना सांगायला नको. ते चित्र, खाली लिहिलेलं 'अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून', ते मेंदूपर्यंत जाणं. इथल्या मांसात तसलं काही नसतं हे त्याला ठाऊक होतं. पण बाई म्हणाल्या होत्या ना, आतपर्यंत शिजवा. प्रतिकारशक्ती कमी. यशोधननं काही जोखीम घेतली नाही. मुरवलेलं मांस त्यानं आधी कुकरला लावलं. चार शिट्ट्या. मग तव्यावर भाजलं.

जगात डुकराच्या या मऊसूत तुकड्याला कुकरच्या चार शिट्ट्या आमच्या माणसाखेरीज कुणी दिल्या नसतील. त्याचं जे झालं ते सायकलच्या टायरला ठिगळ म्हणून चाललं असतं. उल्कानं एक तुकडा तोंडात घातला, चावला, चावला, आणखी चावला, आणि शेवटी कागदी रुमालात काढून ठेवला.

"कुकरला लावलंस?" तिनं विचारलं.

"जंत," यशोधन म्हणाला.

उल्का हसली. आवाज न करता, डोळे मिटून, खांदे हलवत. खूप दिवसांनी हसली. पण जेवली नाहीच.

गुरुवारी तो आणखी मांस आणायला परत खाटकाकडे गेला. झालेला प्रकार खालमानेनं सांगितला. खाटीक अजिबात हसला नाही. त्यानं एक छोटा थर्मामीटर काढला, मांसात टोचायचा. म्हणाला, आकडा इथे पोचला की आत सगळं शिजलं, जंतू मेले, उतरवा. यशोधनला हायसं वाटलं. आकड्यावर भरवसा ठेवायची त्याला सवय होती, पोटापाण्याचा धंदाच तो होता.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं नीट जमलं. मुरवण हेनीनं सांगितलं तसं. पण त्याला वाटलं, मांस आहे, मीठ लागणार. मुरवणात मीठ घातलं. केचाप हेनीनं सांगितला होता, तोही घातला, पण घरात इथला गोडसर नव्हता, चायनीजसाठी आणलेला काळा, खारट होता, तोच ओतला. तव्यावर टाकताना उल्का माशांवर भुरभुरवायची तसं वरून आणखी भुरभुरवलं. थर्मामीटर टोचला. सफरचंदाच्या फोडी त्या रसात परतल्या, कडा तपकिरी झाल्या, नाशपती मऊ पडली. खिडकी उघडी ठेवली होती तरी वास आला, आणि यशोधनला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, वास वाईट नव्हता.

त्यानं ते चाखलं नाही. चाखायचा प्रश्नच नव्हता. आणि खरं सांगायचं तर जोगळेकरांच्या घरात स्वयंपाक करताना चाखायचं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखलं की ते उष्टं. यशोधनच्या आईनं जन्मभर चाखल्याशिवाय शिजवलं, नुसत्या हाताच्या अंदाजानं, आणि तिचं मीठ कधी चुकलं नाही. यशोधननं आईची रीत घेतली. हात मात्र तिचा होता, तो काही आला नाही. वरणात मीठ जास्त झालं तर पानात बसल्यावर त्याला कळायचं, मग पाणी घालून उकळायचा. पण हे तर त्याच्या पानात येणारच नव्हतं.

उल्का टेबलाशी बसली. धातूची चव लागू नये म्हणून हॉस्पिटलनं सुचवलेला लाकडी काटा तिच्या हातात दिला. तो समोर बसला. तिनं एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग सफरचंदाची फोड. पाच तुकडे खाल्ले तिनं, सावकाश, एकेक घास पाण्याबरोबर.

"कसं झालंय?"

"छान झालंय," उल्का म्हणाली.

यशोधनला काय वाटलं म्हणून सांगू. त्यानं उठून सिंकजवळ पाठ करून हात धुतले, ते बराच वेळ धुतले. त्या रात्री तो झोपला, मधे न उठता.

शनिवारी दुपारी भार्गवी आली. ब्रेडा शहरात शिकते, खोली घेऊन राहते, दोन आठवड्यांनी एकदा येते आणि येताना पाठीवर मळके कपडे घेऊन येते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये देते, आईशी तेवढं मोडकंतोडकं मराठी. यशोधननं आदल्या दिवशीचं मुरवण जास्तच केलं होतं, त्यातलं उरलेलं मांस त्यानं तिच्यासमोर भाजलं. अगदी ऐटीत. तवा एका हातानं सरकवून दाखवला. भार्गवी टेबलावर हनुवटी टेकून बघत होती. "बाबा, हू आर यू?" म्हणाली.

तिनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि तिथेच थांबली. मग उठली, सिंकपाशी गेली, थुंकली, नळाला तोंड लावून पाणी प्यायली.

"बाबा. इट्स ओन्ली सॉल्ट."

"काहीतरीच. काल आईनं पाच तुकडे खाल्ले."

भार्गवीनं आईकडे पाहिलं. उल्काच्या हातात काटा होता, काट्याला तुकडा होता, आणि तोंडात एक होता. ती चावायची थांबली होती.

"आई? खारट नाही लागत?" पोरगी मराठीत बोलली, यावरूनच काय ते समजा.

उल्कानं घास गिळला. पाणी प्यायली. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "मला काहीच लागत नाही गं."

"धातूची चव..." यशोधन म्हणाला.

"ती गेली. दुसऱ्या डोसानंतर तीही गेली. आता काहीच नाही. खीर नाही, लोणचं नाही, हे नाही. कापूस चावतेय असं वाटतं."

"मग काल 'छान झालंय' कशाला म्हणालीस?"

"तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतास."

यशोधनला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. तो तवा सिंकमध्ये ठेवून घासायला लागला, आणि बिडाच्या तव्याला साबण लावायचा नसतो हे माहीत असूनही त्यानं साबण लावला. दोन महिने. दोन महिने तो मऊ भात, कढी, साबुदाण्याची खीर, लिंबू पिळून सूप असं काय काय करत होता. 'छान आहे', 'चांगलं लागतंय', 'आज जमलंय'. आणि ती सगळं कापसासारखं गिळत होती, त्याच्यासाठी. बरं, तिलाही दोष देता येईना. हे मीठ तिला रुचलं म्हणून तिनं खाल्लं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यानं न चाखता घातलं होतं आणि तिनं चव नसताना खाल्लं होतं. घरात जेवण होत होतं आणि चव कुणालाच ठाऊक नव्हती. विचार करून करून त्याचे खांदे दुखायला लागले.

त्या रात्री उल्का जेवली नाही. रविवारी सकाळी अर्धं केळं. भार्गवी संध्याकाळच्या गाडीनं ब्रेडाला गेली. जाताना दारात बाबाला घट्ट धरून उभी राहिली आणि डचमध्ये म्हणाली, तू खूप दमलेला दिसतोस. तेवढंच. ती गेल्यावर घर जास्तच शांत झालं.

यशोधननं परत फ्रीज उघडला. खरं तर त्याला काही करायचं नव्हतं. पडून राहायचं होतं. पण गुरुवार येत होता, आणि न मुरवलेलं थोडं मांस शिल्लक होतं, आणि हात आपोआप चालायला लागले. सफरचंदाचा रस, मोहरी, मध, लसूण. हेनीकडून आणलेला गोडसर केचाप, चमचाभरच. मीठ... मीठ किती? डबा हातात धरून तो उभा राहिला. चिमटीत घेतलं. परत ठेवलं. अर्धी चिमूट टाकली. तासभर मुरवलं. साबणानं खराब केलेल्या तव्याला त्यानं तेल लावून, तापवून, परत तेल लावून ठीक केलं होतं. त्यावर मांस भाजलं, आकडा पाहिला, फळं परतली.

उल्का आली, बसली. ताटलीकडे बघत राहिली.

"यशो, खरंच नको."

"दोनच घास."

"कशासाठी? मला कळत तरी आहे का ते काय आहे?" तिचा आवाज चढला नव्हता. थकला होता. "चव कळत नसली ना, की जेवण म्हणजे नुसतं काम होतं. चाव, गिळ. चाव, गिळ. त्यापेक्षा नळीच बरी. निदान तोंड तरी हलवावं लागणार नाही."

नळीच बरी, असं उल्का म्हणाली. यशोधननं खुर्ची ओढली. तिच्यासमोर नाही, शेजारी. लाकडी काटा उचलला. एक तुकडा टोचला. उल्काला वाटलं, आता हा भरवणार. तिनं तोंड फिरवलं.

त्यानं तो स्वतःच्या तोंडात घातला.

"यशो, अरे!"

तो चावत होता. डोळे मिटले होते, कपाळाला आठ्या होत्या. पहिल्या क्षणी त्याचं सगळं अंग 'नाही' म्हणालं, पण तो चावत राहिला. उल्काचा हात त्याच्या मनगटावर आला होता.

"थुंक. थुंकून टाक. वेडा आहेस का तू?"

त्यानं मान हलवली. गिळलं. पाणी प्यायला.

"मीठ कमी आहे," शेवटी म्हणाला. "कालच्यासारखं खारट नाही. पण कमी आहे."

उल्का त्याच्याकडे बघत होती.

"आणि मऊ आहे. मला वाटलं होतं चिवट लागेल. दाताला लागतं पण सुटतं लगेच. बाहेरून ती जळकी कड आहे ना, ती..." तो शब्द शोधत राहिला. मांसाची चव कशी सांगतात, त्याच्याकडे शब्दच नव्हते. त्यानं स्वतःचे वापरले. "ती भरिताच्या वांग्याची साल असते ना, निखाऱ्यावर भाजलेली. थोडी चिकटून राहते ती. तशी."

"खरं सांग. वाईट लागतंय."

"नाही लागत वाईट. वेगळं लागतं." त्यानं आणखी विचार केला. "आणि मागून येतं ते गोड. मोहरी नाकात जाते आणि मग मध. मेथांबा असतो ना आपला, कैरीचा. त्याच्या जवळचं काहीतरी, फक्त मेथी नाही. सफरचंद थांब, ते बघतो."

त्यानं सफरचंदाची फोड खाल्ली. उल्का आता त्याच्या तोंडाकडे बघत होती, जसा तो दोन महिने तिच्या तोंडाकडे बघत होता.

"सफरचंद चांगलंय," तो म्हणाला. "म्हणजे खरंच. मांसाचा रस पिऊन बसलंय. आंबट आहे अजून, मधे. कडेला खडीसाखरेसारखं झालंय."

उल्कानं काटा त्याच्या हातातून घेतला. एक तुकडा आणि सफरचंदाची एक फोड मिळून टोचली आणि तोंडात घातली. डोळे मिटले.

"आता सांग," घास तोंडात तसाच धरून म्हणाली.

"आता मोहरी," यशोधन म्हणाला. "पहिलं तेच येतं. मग लसूण, थोडा. आता मांस सुटतंय. चाव. आता सफरचंद फुटलं असेल, आंबट. मग गोड. शेवटी जळकी कड राहते दाताला."

ती चावत होती. तो सांगत होता. घास संपला. तिनं डोळे उघडले, त्यात पाणी होतं.

"काही लागलं?" त्यानं विचारलं.

"नाही," उल्का म्हणाली. "पण कळलं. अजून एक. तू आधी."

त्या दिवशी तिनं सात तुकडे खाल्ले आणि त्यानं सात. सातही त्याला जड गेले. पण तिनं 'पुरे, आता नुसतं सफरचंद' म्हणेपर्यंत तो थांबला नाही. नंतर तो सोफ्यावर पाय न उचलता तसाच कलंडला आणि तिनं त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार असंच चाललं. दर घास आधी त्याच्या तोंडात, मग शब्दात, मग तिच्या तोंडात. एकदा मांस, एकदा अंड्याचं ऑम्लेट, एकदा फोडणी न घातलेली खिचडी. खिचडी सांगायला सोपी होती, ती त्याची होती. वजन काही एका आठवड्यात वाढत नसतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी आहारतज्ज्ञ बाईंनी काट्याकडे पाहिलं. मग परत पाहिलं. वजन उतरलेलं नव्हतं. वाढलंही नव्हतं, होतं तिथेच होतं. बाईंनी चष्मा डोळ्यांवरच ठेवला.

"नळी आत्ता नको," त्या म्हणाल्या. "काय केलंत? चव परत आली का?"

"नाही," उल्का डचमध्ये म्हणाली. तिचं डच यशोधनपेक्षा कितीतरी चांगलं. "माझा नवरा माझ्यासाठी चव घेतो."

बाईंना ते नीट कळलं नसावं, कारण त्यांनी यशोधनकडे पाहिलं. यशोधन भिंतीला टेकून खुर्चीत बसला होता. त्याचे डोळे मिटले होते. बसल्या जागी त्याला झोप लागली होती. मांडीवर उल्काचा कोट होता आणि तो त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. उल्का म्हणाली, उठवू नका त्याला, ट्रॅम अजून पुष्कळ आहेत.